आधी पाणी, मग आयवॉश : लहान प्लेटिंग युनिटसाठी आपत्कालीन धुण्याच्या साधनांची निवड

काही वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लेटिंग युनिटमध्ये, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात, तपासणीला गेलो असताना दाराजवळच स्टेनलेस स्टीलचा नवाकोरा आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याचा आयवॉश उभा दिसला. वर हिरवी पाटी होती, भोवती पिवळे पट्टे आखलेले होते आणि बिलाची प्रत फायलीत व्यवस्थित लावलेली होती. मी दांडा ओढला, पण काहीच झाले नाही. सुपरवायझर शांतपणे म्हणाले, "साहेब, ठिबकत होता, म्हणून खालचा व्हॉल्व बंद करून ठेवलाय." तो व्हॉल्व उघडल्यावर आधी हवा फुसफुसली, मग चहाच्या रंगाचे पाणी आले आणि तेही शॉवरच्या मधल्या दोन-तीन छिद्रांतूनच पडू लागले.

त्या साधनात दोष नव्हता. दोष होता तो खरेदीच्या क्रमात, कारण आधी साधन आणले गेले आणि त्याला पाणी कुठून, किती आणि कसे मिळणार हा प्रश्न नंतर प्लंबरवर सोडला गेला. हा लेख वीस-तीस कामगारांच्या युनिटमध्ये सुरक्षिततेची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेल्या व्यक्तीसाठी आहे. त्यात क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे आणि कॅटलॉग बऱ्याच उशिरा उघडला आहे. उदाहरणादाखल एक नेहमीचे प्लेटिंग शेड घेतले आहे. त्यात गंज काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिडची टाकी, तेल काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याची गरम टाकी, पुढे निकेल आणि क्रोम, मागे ॲसिडच्या कॅनची खोली आणि एका कोपऱ्यात सांडपाणी प्रक्रियेची जागा आहे.

१. रसायन कुठे उडते, ते आधी पाहावे

रसायनांची यादी करणे हे पहिले काम खरे, पण नुसती नावे लिहून उपयोग नाही. प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे सुरक्षिततेचे माहितीपत्रक, पुरवठादाराकडून मागवून घ्यावी आणि तिचा चौथा विभाग, म्हणजे प्रथमोपचाराचा भाग, नीट वाचावा. त्यानंतर वही घेऊन एक पूर्ण पाळी शेडमध्ये काढावी. रसायन अंगावर येते ते बहुधा टाकीत शांत पडलेले असताना नव्हे, तर ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जात असताना. कॅनमधून बादलीत ॲसिड ओतणे, कॉस्टिकचे फ्लेक्स पाण्यात सोडणे, फिल्टर उघडणे, पंपाचा ग्लँड (गळती अडवणारा भाग) आवळणे, तुंबलेली लाइन मोकळी करणे या जागा नकाशावर लाल खुणेने दाखवाव्यात. आपल्या उदाहरणातल्या शेडमध्ये अशा चार-पाच खुणा सहज होतील आणि त्यांतली एक सांडपाणी प्रक्रियेच्या कोपऱ्यात असेल, जिथे चुना किंवा कॉस्टिक मिसळले जाते आणि जिथे आयवॉश असावा हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

नवख्या माणसाला ॲसिडची भीती जास्त वाटते आणि कॉस्टिककडे त्याचे दुर्लक्ष होते. डोळ्याच्या बाबतीत हे बरोबर उलटे आहे. ॲसिडमुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात आणि तो थर काही प्रमाणात पुढचा शिरकाव अडवतो. कॉस्टिकसारखी अल्कली मात्र पेशींच्या आवरणातल्या चरबीचे साबणात रूपांतर करत आत घुसत राहते, म्हणजे साबण बनवताना कढईत जे घडते तेच बुबुळावर घडते. शिवाय सुरुवातीला वेदना कमी वाटल्याने कामगार डोळा चोळून पुन्हा कामाला लागतो. चुन्याचेही तेच आहे, आणि त्याचे खडे पापणीच्या आत अडकून राहतात. त्यामुळे कॉस्टिकच्या आणि चुन्याच्या जागेला आयवॉशसाठी पहिला क्रमांक द्यावा.

काही रसायनांना नुसते पाणी पुरत नाही. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगनंतर लावल्या जाणाऱ्या पिकलिंग पेस्टमध्ये बहुधा हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. तिथे त्वचा धुतल्यावर लावण्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल जवळ ठेवणे अत्यावश्यक आहे. कोरडी पूड अंगावर पडली तर ती आधी झटकून मग धुवावी. मात्र ॲसिडवर सोडा आणि कॉस्टिकवर व्हिनेगर हा शाळेतल्या प्रयोगशाळेचा हिशेब डोळ्यावर कधीही करू नये. तिथे भरपूर स्वच्छ पाणीच हवे आणि ते लगेच हवे.

२. साधनाचा प्रकार ठरवावा

बाजारात दिसणारी साधने ढोबळमानाने चार प्रकारची असतात. पहिला प्रकार पाइपलाइनला जोडलेला आयवॉश, ज्यात दोन्ही डोळ्यांवर एकाच वेळी मऊ धारा येतात. त्याचेच मोठे रूप म्हणजे डोळे आणि चेहरा दोन्ही धुणारा आयवॉश. दुसरा प्रकार पूर्ण अंग भिजवणारा शॉवर. या दोहोंचे एकाच खांबावरचे एकत्रित युनिटही मिळते. तिसरा प्रकार स्वतःची टाकी असलेला फिरता किंवा भिंतीवरचा आयवॉश, आणि चौथा हातात धरायची बाटली किंवा नळीचा फवारा.

जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकाप्रमाणे, म्हणजे आन्सी झेड ३५८.१ च्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे, साध्या आयवॉशने मिनिटाला किमान १.५ लिटर, डोळे-चेहरा आयवॉशने ११.४ लिटर आणि शॉवरने ७५.७ लिटर पाणी सलग १५ मिनिटे दिले पाहिजे. भारतीय मानक संस्थेचे आयएस १०५९२ हे १९८२ चे मानक याच साधनांविषयी आहे. युरोपातून आलेल्या साधनावर ईएन १५१५४ हा उल्लेख सापडेल. विक्रेत्याकडून "मानकाप्रमाणे आहे" एवढे तोंडी ऐकून न घेता कोणत्या मानकाप्रमाणे, किती दाबाला किती प्रवाह, हे लेखी मागावे.

बाटलीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. अर्ध्या लिटरची बाटली वरच्या हिशेबाने साध्या आयवॉशचेही काम वीस सेकंदच करते. आयवॉशपर्यंत पोहोचेपर्यंतचा आधार म्हणून ती कामगाराच्या हाताशी असणे चांगलेच, परंतु तपासणीच्या तक्त्यात तिला आयवॉश म्हणून दाखवणे ही फसवणूक आहे आणि त्यात आपलीच फसगत होते. बेसिनच्या नळाला बसवायच्या जोडणीबद्दलही मी साशंक आहे, कारण आंधळ्या अवस्थेत नळ कुठे, खटका कुठे हे शोधावे लागते.

आपल्या शेडसाठी माझी निवड अशी असेल : ॲसिड आणि कॉस्टिकच्या टाक्यांच्या मध्ये एकत्रित युनिट, कॅनच्या खोलीबाहेर दुसरे एकत्रित युनिट, आणि सांडपाण्याच्या कोपऱ्यात पाइपलाइन नेणे जमले तर डोळे-चेहरा आयवॉश, न जमल्यास स्वतःच्या टाकीचा. या शेवटच्या प्रकारात पाणी शिळे होते, म्हणून ते उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलण्याचे काम कुणा एका व्यक्तीच्या नावावर लिहून द्यावे.

३. डोळे मिटून चालून पाहावे

वरचे अमेरिकी मानक सांगते की धोक्याच्या जागेपासून साधनापर्यंत दहा सेकंदांत पोहोचता आले पाहिजे. सरासरी चालीने हे अंतर सुमारे १७ मीटर होते. तीव्र ॲसिड आणि कॉस्टिकच्या बाबतीत मात्र १७ मीटरही लांबच आहे, तिथे साधन अगदी लगत हवे. मार्ग एकाच पातळीवर असावा, वाटेत जिना, पायरी किंवा कुलूप लागणारे दार नसावे.

हे अंतर फुटपट्टीने मोजण्यापेक्षा चालून मोजावे. एखाद्या कामगाराला डोळे मिटायला सांगून, सोबत दुसऱ्याला ठेवून, लाल खुणेपासून साधनापर्यंत जायला लावावे आणि घड्याळ लावावे. पहिल्या खेपेला तो ट्रॉलीला अडखळतो, दुसऱ्या खेपेला जमिनीवरच्या होज पाइपमध्ये त्याचा पाय अडकतो आणि साधनाजवळ पोहोचल्यावर दांडा शोधताना हात हवेत फिरत राहतो. शेडच्या आराखड्यात न दिसणाऱ्या बहुतेक सगळ्या अडचणी या तीन मिनिटांत बाहेर येतात. साधनाखालची मोकळी जागा ही तर कायमची डोकेदुखी, कारण कारखान्यात रिकामी दिसलेली जागा फार दिवस रिकामी राहत नाही. तिथे कॅन ठेवता येणार नाहीत अशी आडवी दांडी लावणे पिवळ्या पट्ट्यापेक्षा परिणामकारक ठरते, फक्त त्या दांडीने येणाऱ्याची वाट अडू नये.

जागा ठरवताना रेक्टिफायर (प्लेटिंगला डीसी वीज पुरवणारे यंत्र), विजेचे पॅनेल आणि प्लग पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर असल्याची खात्री करावी. साधनावर उजेड हवा. पाटीवर चित्र असावे, कारण आपल्या शेडमधले सगळेच कामगार मराठी किंवा हिंदी वाचू शकतील असे नाही.

४. पाण्याचा हिशेब

खरे काम इथे आहे. एकत्रित युनिटवर शॉवर आणि आयवॉश दोन्ही एकदम चालू झाले तर १५ मिनिटांत शॉवरला ११३५ लिटर आणि डोळे-चेहरा आयवॉशला १७१ लिटर, म्हणजे जवळपास १३०० लिटर पाणी लागते. छतावरची एक हजार लिटरची टाकी पूर्ण भरलेली असली तरी ती तेराव्या मिनिटाच्या आतच संपते. शिवाय तीच टाकी शौचालयाला आणि टाक्यांच्या भरणीलाही पाणी देत असेल तर ऐन वेळी तिच्यात किती पाणी असेल ते सांगता येत नाही. म्हणून किमान दीड हजार लिटर पाणी फक्त या कामासाठी राखीव असावे. वेगळी टाकी शक्य नसेल तर मोठ्या टाकीतून इतर वापराचा पाइप वरच्या पातळीवरून आणि शॉवरचा पाइप तळाजवळून काढावा, म्हणजे खालचे राखीव पाणी आपोआप शिल्लक राहते. वसाहतीचा पाणीपुरवठा दुरुस्तीसाठी बंद असतो त्या दिवशीही ही टाकी भरलेली असली पाहिजे.

दुसरा प्रश्न दाबाचा. बहुतेक साधनांचा प्रवाह २.१ बार दाबाला सांगितलेला असतो. एक बार दाबासाठी पाण्याची सुमारे दहा मीटर उंची लागते, म्हणजे २.१ बारसाठी टाकी एकवीस मीटरवर हवी. आपल्या शेडच्या छतावरची टाकी फार तर आठ मीटरवर असते आणि पाइपमधल्या घर्षणात त्यातलेही काही जाते. यावर दोन उपाय आहेत. एकतर कमी दाबाला पूर्ण प्रवाह देणारे शॉवर-हेड उत्पादकाकडून लेखी खात्रीसह मागवावे, नाहीतर पंप बसवावा. पंप बसवला तर वीज गेल्यावर काय होईल याचे उत्तर त्याच वेळी तयार हवे. दाबाखाली पाणी साठवणारी टाकी आणि जनरेटरवर जोडणी, असे दोन्ही असलेले उत्तम. शॉवरपर्यंतचा पाइप किमान २५ मिलिमीटरचा असावा आणि लांबी जास्त असेल तर त्याहून मोठा. मुख्य लाइन जाड आणतात आणि शेवटचा तीन मीटरचा तुकडा हाताशी होता म्हणून अर्ध्या इंचाचा जोडतात, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता आधी तो तुकडाच पाहतो.

तिसरा प्रश्न तापमानाचा, आणि महाराष्ट्रात तो गौण समजता येणार नाही. मानकाप्रमाणे पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअस असावे. नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावला मे महिन्याच्या दुपारी पत्र्यावरच्या काळ्या टाकीतले पाणी आणि उन्हात तापलेल्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपात साचून राहिलेले पाणी हात भाजेल इतके गरम होते, आणि ते भाजलेल्या डोळ्यावर सोडणे म्हणजे इजेत भर घालणे. टाकीवर सावली, पाइपला इन्सुलेशन, शक्य तिथे पाइप जमिनीखालून किंवा शेडच्या आतून नेणे, आणि ठरावीक तापमानाच्या वर गेलेले पाणी आपोआप बाहेर सोडणारा व्हॉल्व हे उपाय आहेत. उलट नाशिकसारख्या ठिकाणी जानेवारीच्या पहाटे पाणी इतके गार असते की कामगार दोन मिनिटांत शॉवरखालून बाहेर पडतो. पंधरा मिनिटे उभे राहता येईल असे पाणी हवे, म्हणून खालचीही मर्यादा आहे.

चौथी गोष्ट पाण्याच्या प्रतीची. हे पाणी पिण्यायोग्य असावे. प्लंबर जवळात जवळची लाइन पकडतो आणि ती कधीकधी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची निघते. जोडणीच्या दिवशी स्वतः उभे राहून लाइन उगमापर्यंत शोधावी. बोअरच्या जड पाण्याने नोझलमध्ये क्षार धरतात, त्यामुळे लाइनमध्ये साफ करता येणारी जाळी बसवावी.

एवढे पाणी जाणार कुठे, हेही आताच ठरवावे. जमिनीला उतार आणि तिथून सांडपाणी प्रक्रियेकडे जाणारी गटार हवी. गटार नसेल तर साप्ताहिक चाचणी टाळली जाते, कारण शेडमध्ये चिखल होतो म्हणून सगळेच कुरकुरतात.

५. आता कॅटलॉग उघडावा

व्हॉल्व एका सेकंदात पूर्ण उघडणारा आणि हात सोडल्यावरही उघडाच राहणारा असावा. पापण्या धुताना दोन्ही हातांनी उघड्या धरून ठेवाव्या लागतात, त्या वेळी व्हॉल्व दाबून धरायला तिसरा हात नसतो. पायाचे पेडल हाताच्या पट्टीला जोड म्हणून चांगले आहे, पण त्याच्या सांध्यात घाण अडकते. आयवॉशच्या धारेची जागा जमिनीपासून ८४ ते १३४ सेंटिमीटर, शॉवर-हेड २०८ ते २४३ सेंटिमीटर आणि ओढायचा दांडा १७३ सेंटिमीटरपेक्षा वर नाही, असे मानक सांगते. आपल्याकडच्या कामगारांची उंची पाहता आयवॉश ९० ते १०० सेंटिमीटरला बसवावा, असे माझे मत आहे. नोझलवर धूळ-टोप्या हव्यात आणि पाणी आले की त्या आपोआप उडाल्या पाहिजेत.

धातूच्या बाबतीत चकाकीला भुलू नये. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफांमध्ये ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील वर्ष-दोन वर्षांत ठिपक्यांनी गंजू लागते. ३१६ प्रत जरा अधिक टिकते, पण आपल्या टाकीशेजारी प्लास्टिकचे आवरण असलेले पाइप आणि एबीएस प्लास्टिकचा बाउल हीच शहाणपणाची निवड ठरते. तारापूरसारख्या किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात खारी हवा त्यात भर घालते.

शॉवरसोबत पडदा आणि चादर घ्यावी. भिजलेले कपडे अंगावरून काढले नाहीत तर ॲसिड कापडात राहून त्वचा जाळत राहते. तरीही चारचौघांत कपडे काढायला माणूस कचरतो, स्त्री कामगार तर अधिकच. दोन बदली कपड्यांचे जोड जवळच्या खोक्यात असले तर ही घालमेल वाचते. निर्जन जागेच्या साधनाला पाणी सुरू होताच वाजणारी घंटा जोडून घ्यावी.

६. हात धुण्याची जागा

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४२ मध्ये धुण्याची पुरेशी, स्वच्छ आणि सहज पोहोचता येईल अशी सोय, तसेच स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र आणि आडोसा असलेली व्यवस्था सांगितली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आहे. त्यामुळे आपल्या युनिटला आज नेमके कोणते नियम लागू आहेत हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या स्थानिक कार्यालयातून विचारून घ्यावे.

निवड करताना नळ कोपराने किंवा पायाने उघडणारा घ्यावा, म्हणजे क्रोमने माखलेले बोट नळाला लागत नाही आणि पुढच्याच्या हाताला जात नाही. साबण द्रवरूप आणि भिंतीवरच्या डब्यात असावा. ग्रीस निघत नाही म्हणून कामगार थिनरने हात धुतात आणि त्याने त्वचेचे तेल निघून भेगा पडतात, म्हणून हात साफ करण्याची तयार पेस्ट ठेवावी. सॅनिटायझर जंतूंसाठी असतो, क्रोम किंवा शिशाचे कण त्याने निघत नाहीत, नुसते पसरतात.

बेसिन जेवणाच्या खोलीच्या वाटेवर असावे, पण पिण्याच्या पाण्याला खेटून नसावे. जुन्या अधिनियमाच्या कलम १८ मध्ये ही दोन ठिकाणे किमान सहा मीटर अंतरावर ठेवायला सांगितले होते आणि अनेक युनिटांत कूलर नेमका बेसिनवरच टांगलेला असतो. अजून एक जागा आराखड्यात कधीच दाखवलेली नसते : शेडच्या मागचा कट्टा, जिथे चहाच्या सुट्टीत तळहातावर तंबाखू आणि चुना मळला जातो. क्रोमची टाकी हाताळलेला हात न धुता तंबाखू मळतो तेव्हा ते रसायन थेट तोंडात जाते. कट्ट्याशेजारी एक नळ आणि साबण ठेवणे ही या संपूर्ण यादीतली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे.

७. ताबा घेताना आणि त्यानंतर

पुरवठादाराचे शेवटचे बिल चाचणीनंतरच मंजूर करावे. वरून उघडा असलेला २०० लिटरचा ड्रम शॉवरखाली ठेवून, ताडपत्रीची नळी करून सगळे पाणी त्यात वळवावे आणि त्याच वेळी आयवॉशही उघडा ठेवावा. ड्रम २ मिनिटे ४० सेकंदांच्या आत भरला नाही तर प्रवाह कमी आहे. पंपाची वीज बंद करून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. आयवॉशच्या दोन्ही धारा सारख्या उंचीच्या आणि तळहाताला न टोचणाऱ्या असाव्यात.

त्यानंतर दर आठवड्याला साधन चालवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडून द्यावे, म्हणजे गंज, शेवाळ आणि साचलेल्या पाण्यातले जंतू निघून जातात. वर्षातून एकदा पूर्ण मानकाप्रमाणे तपासणी करावी. उन्हाळ्यात ही साप्ताहिक चाचणी दुपारी दोन-तीनच्या सुमारास, हाती थर्मामीटर घेऊन घ्यावी. लाइनवरचे व्हॉल्व उघड्या स्थितीत साखळीने बांधून त्याची किल्ली सुपरवायझरकडे नव्हे तर देखभाल प्रमुखाकडे ठेवावी, आणि ठिबक दिसली तर त्याच दिवशी वॉशर बदलावा. नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी दांडा स्वतः ओढायला लावावा, आयवॉशवर वाकून पापण्या बोटांनी उघड्या धरायला लावाव्यात आणि पंधरा मिनिटे म्हणजे किती हे घड्याळात दाखवावे. प्रत्यक्ष इजेनंतर रुग्णालयात नेताना सेफ्टी डेटा शीटची प्रत सोबत द्यावी. ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून साधनाच्या खांबालाच अडकवलेली असली तर ती शोधत कुणाला ऑफिसात धावावे लागत नाही.